आधी माती, मग कुंभ



घरातील माणूस गेल्यावर स्मशानातून सावडून आणलेल्या अस्थी कोणत्या पात्रात ठेवाव्यात, हा प्रश्न आपल्या बहुतेक घरांत कोणी मुद्दाम विचारीत नाही. कुंभाराकडचे एक मडके, त्याच्या तोंडाला बांधलेले फडके आणि विसर्जनाला जाण्याचा ठरलेला दिवस, एवढ्यात तो उरकतो. कारण त्या मडक्याचे काम तीन-चार दिवसांचे असते आणि तेवढ्या काळात ते फुटू नये, याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नाही. परंतु ज्या घराने अस्थी पाण्यात न सोडता भूमीत ठेवण्याचा निश्चय केला आहे, त्या घरापुढे हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो. ते पात्र आता जमिनीत जायचे आहे, पावसाळ्यामागून पावसाळे त्याच्या अंगावरून जायचे आहेत, आणि त्याचे पुढे काय होणार हे पाहायला आपण तेथे असणार नाही.

वसईच्या किनाऱ्यावर हा प्रश्न हल्ली पूर्वीपेक्षा अधिक वेळा विचारला जातो. कॅथलिक धर्मपीठाने १९६३ साली दहनावरील मनाई उठविली. तेव्हापासून दहनानंतर अस्थी दफनभूमीत किंवा भिंतीतील कोनाड्यात ठेवण्याची सोय अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी पत्करली आहे, आणि जुन्या दफनभूमींतील जागेची टंचाई लक्षात घेता ती वाढतच जाणार. बौद्ध कुटुंबांना तर अस्थी ‘धातू’ म्हणजे पवित्र अवशेष म्हणून जतन करण्याची परंपरा परकी नाही. दादरच्या चैत्यभूमीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी आहेत, हे महाराष्ट्रातील मुलालाही ठाऊक असते. आणि नदीचे पाणी आणखी गढूळ करण्यापेक्षा वडिलांनी आयुष्यभर राबून पोसलेल्या वाडीतच त्यांची रक्षा मिसळावी व तेथे एक झाड लावावे, असे म्हणणारी हिंदू घरेही आता विरळा राहिली नाहीत. जमिनीतून निघालेल्या जुन्या मृत्पात्रांच्या व धातुपात्रांच्या जतनाचे काम मी केले असल्यामुळे या तिन्ही प्रकारच्या घरांतून माझ्याकडे विचारणा होते. प्रश्न बहुधा असा असतो, की तांब्याचा कलश घ्यावा की मातीचा? माझे उत्तर ऐकून विचारणारा थोडा गोंधळतो, कारण मी आधी पात्राविषयी काहीच बोलत नाही. ज्या जमिनीत ते पुरायचे ती जमीन कशी आहे, आणि त्या पात्राने टिकावे अशी आपली इच्छा आहे की विरून जावे अशी, या दोन गोष्टी मी त्याला विचारतो.

ही रीत माझ्या पदरची नाही. आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायात अस्थिसंचयनाचा विधी सांगितला आहे, तो ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल, की अस्थी पाण्यात सोडण्याचा तेथे प्रश्नच नाही. त्या कुंभात भरून भूमीत ठेवावयाच्या आहेत. कुंभ विशेष चिन्हे नसलेला असावा. अंगठा आणि अनामिका यांनी एकेक अस्थी उचलून, आवाज न करता, पायांपासून आरंभ करून मस्तकापर्यंत क्रमाने त्यात ठेवावी. मग सुपाने पाखडून स्वच्छ केलेल्या त्या अस्थींचा कुंभ खड्ड्यात ठेवून, माती लोटून, झाकण घालून, मागे वळून न पाहता परतावे, असा तो विधी आहे. मला त्यातील जागेविषयीचा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. पावसाचे पाणी सोडून इतर पाणी चहूकडून वाहत येऊन जेथे जमत नाही, अशी जागा निवडावी, असे सूत्रकार सांगतात. वरून पडणारे पाणी झिरपून निघून जाते, भोवतालून येणारे साचून राहते, आणि पुरलेल्या वस्तूचा खरा शत्रू साचलेले पाणी हाच असतो, हे त्या काळच्या माणसांनी किती बारकाईने पाहिले असले पाहिजे! इतक्या दूरच्या काळातील माणूस आपल्या मृतांच्या अस्थींसाठी पाण्याचा निचरा पाहत होता, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

आता आपल्या राजोडीची जमीन पाहा. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, कळंब आणि अर्नाळा यांच्या मध्ये समुद्राला लागून असलेल्या या गावात सुरूच्या बनापासून आत येत गेले, की पुळणीची रेती हळूहळू वाडीच्या मातीत मिसळत जाते. नारळ, केळी आणि फुलझाडे यांच्या वाड्यांतून विहिरी आहेत आणि त्यांचे पाणी फार खोल नाही. वैशाखात विहिरीचा तळ पाहून जो खड्ड्याची खोली ठरवील तो फसेल, कारण श्रावणात तेच पाणी जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येऊन ठेपते. शिवाय ते पाणी समुद्रालगत मचूळ असते. ओल, मीठ, आणि दर वर्षी एकदा भिजणे व एकदा सुकणे, या तीन गोष्टी मिळून येथे पात्रे मोडतात. पुळणीवर किंवा सुरूच्या बनात अस्थी पुरण्याचा मोह कोणालाही होईल, इतकी ती जागा रम्य आहे. पण या किनाऱ्याची धूप होते, भरतीच्या लाटांनी मुळे उघडी पडून उन्मळलेले सुरू आपण सर्वांनीच पाहिले आहेत, आणि जी जागा झाडाला धरून ठेवू शकत नाही ती कुंभाला काय धरणार? ज्यांना पात्र टिकावे असे वाटते त्यांनी किनारा सोडून आत यावे, वाडीतील उंचवट्याची जागा घ्यावी आणि पिण्याच्या विहिरीपासून चांगले दूर राहावे.

टिकाऊ पात्र कसे असावे, याचा वस्तुपाठ राजोडीहून थोड्याच अंतरावर, सोपाऱ्यात मिळाला आहे. १८८२ सालच्या ईस्टरच्या सुमारास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे, म्हणजे एका जुन्या स्तूपाचे, उत्खनन केले. जुनागढहून आलेले, डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले हे विद्वान. त्यांनी त्या टेकाडाच्या पोटातून विटांची एक कोठी उघडी केली आणि तिच्यात एक वाटोळा दगडी करंडक सापडला. तो दोन भागांचा होता. खालच्या भागावर वरचा भाग झाकणासारखा नेमका बसत होता. आत मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या व मैत्रेयाच्या मिळून आठ कांस्यमूर्ती कडे करून बसविलेल्या होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, त्याच्यात स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या पोटात सोन्याचा असे एकात एक करंडक निघाले. मधल्या पोकळीत सोन्याची फुले व रत्ने भरली होती. आणि अगदी आतल्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याची तेरा लहान शकले. ती भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राची असावीत, असे भगवानलालांचे मत पडले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

एका मातीच्या पात्राच्या तुकड्यांसाठी पाच धातू-पाषाणांची पात्रे आणि त्यांवर दगडाचे आवरण करणाऱ्या त्या श्रद्धेपुढे आपण नतमस्तक व्हावेच. पण माझ्यासारख्याला त्यात कारागिराचे शहाणपणही दिसते. तांबे मातीला लागू दिलेले नाही. तांब्याला दगड लागला आहे, दगडाला विटांची कोठी लागली आहे, आणि कोठी भोवतालच्या जमिनीवर उभारलेल्या उंच स्तूपाच्या पोटात आहे. म्हणजे पाणी खाली उतरून जाईल, तेथे थांबणार नाही. बाहेर दगड, आत धातू, हा क्रम सोपाऱ्याच्या कारागिरांनी निवडला आणि समुद्राजवळच्या दमट हवेत शतकानुशतके त्यातील वस्तू हाती लागतील अशा राहिल्या. माझ्याकडे येणारा गृहस्थ नेमके उलटे करतो: दुकानातून नक्षीदार तांब्याचा किंवा पितळेचा कलश आणतो आणि तो तसाच ओल्या रेतीत ठेवतो. मिठाचा अंश आणि ओल एकत्र आली, की तांब्यावर फिकट हिरवी भुकटी धरू लागते, आणि ती एकदा सुरू झाली की धातू आतून पोखरत जाते. पितळेतील जस्त मिठाच्या पाण्यात निघून जाते व उरलेले तांबे स्पंजासारखे ठिसूळ होते. लोखंडाविषयी बोलायलाच नको. स्टेनलेस स्टीलचा डबा गंजत नाही अशी आपली समजूत आहे, परंतु खाऱ्या ओलीत त्यालाही बारीक छिद्रे पडतात. ॲल्युमिनियमचे पात्र तर घेऊच नये, कारण रक्षा क्षारधर्मी असते आणि ओल लागताच ती त्या धातूला आतल्या बाजूने खाते. धातूचा कलशच हवा असेल, वडिलांच्या पूजेतला तांब्याचा कलश वापरण्याची घराची इच्छा असेल, तर ती मी कधी मोडणार नाही. मात्र त्याला बाहेरून दगडाची किंवा पक्क्या भाजणीच्या मातीची दुसरी पेटी करावी.

टिकाऊ पात्रांत सामान्य माणसाला परवडणारे आणि या जमिनीला मानवणारे पात्र म्हणून मी जिलई दिलेली चिनी मातीची बरणी सुचवितो. लोणच्याची जी बरणी आपल्या आज्यांनी वर्षानुवर्षे मिठाने भरलेली ठेवली, तिला मीठ काही करू शकत नाही, याचा पुरावा प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. अशी बरणी घेताना ती रात्रभर पाण्याने भरून कोरड्या कागदावर ठेवावी. सकाळी कागद ओला दिसला तर ती परत करावी. बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहावी. खणखणीत वाजली तर अंग शाबूत आहे, बद्द वाजली तर कोठेतरी तडा आहे. झाकण खाचेत बसणारे असावे, मधमाश्यांचे मेण वितळवून त्या खाचेत ओतावे आणि वरून चुन्याचा हात द्यावा. संगमरवराचे किंवा आपल्या काळ्या पाषाणाचे पात्र याहूनही चांगले. पाथरवटाकडून दोन भाग करून घेतले आणि सोपाऱ्याप्रमाणे एकमेकांत बसविले, की त्याला काळजी अशी नाही. त्याचे वजन व किंमत मात्र प्रत्येक घराला झेपेलच असे नाही, आणि ऐपतीबाहेरचे पात्र घेतल्याने मृताचा सन्मान वाढतो, असे मला मुळीच वाटत नाही.

झाकण पक्के केलेल्या बरणीविषयी एक सूचना द्यावीशी वाटते, कारण ती कोणी देत नाही. बंद पात्रात हवा असते, आणि पावसाळ्यात पुळणीची जमीन पाण्याने गच्च झाली की अर्धवट भरलेले हलके पात्र होडीसारखे वर येऊ पाहते. म्हणून पात्रातील रिकामी जागा कोरड्या, चाळलेल्या रेतीने भरावी, तळाशी एक फरशी घालावी आणि वर दोन ते तीन फूट माती राहील असा खड्डा घ्यावा. कुत्री उकरणार नाहीत एवढा खोल आणि श्रावणातल्या पाण्याच्या वर राहील एवढा उथळ. ही दोन्ही मापे एकत्र जमत नसतील, तर ती जागा सोडून द्यावी.

आता ज्यांना पात्र विरून जावे असे वाटते त्यांच्याकडे वळू. त्यांची इच्छा मला तितकीच आदरणीय वाटते, पण त्यांची फसगत अधिक होते. भाजलेले मातीचे मडके कालांतराने मातीत मिसळून जाईल, असे त्यांना सांगितले जाते. ते खरे नाही. माती एकदा आव्यात भाजली, की ती पुन्हा माती होत नाही. ती फुटते, तिचे खवले पडतात, तुकडे होतात, पण ते तुकडे राहतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या लोकांनी आपली गेलेली लहान मुले दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यांच्या पोटात ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरलेली आढळली. ती दहन केलेली नव्हती, पण ते कुंभ तीन हजार वर्षांच्या सुमाराचे आहेत आणि त्यांचा आकार आजही स्पष्ट ओळखू येतो. लेकरू दाराबाहेर न पाठवता आपल्या पायांखालीच ठेवून घेणाऱ्या त्या आईबापांचे दुःख, त्या राखाडी कुंभांनी आपल्यापर्यंत आणून पोहोचविले आहे. तेव्हा ज्याला खरोखर विरून जाणारे पात्र हवे, त्याने कुंभाराला आवा लावण्यापूर्वीच गाठावे आणि सावलीत सुकविलेले कच्चे मडके मागून घ्यावे. ते पहिल्याच पावसाळ्यात विरघळते. ते न्यायला जपून न्यावे लागते व पाण्याने पुसता येत नाही, एवढीच त्याची अडचण. बुरुडाने विणलेली बांबूची करंडी, किंवा साध्या सुती कापडाची पिशवीही तितकीच योग्य. लाकडाची पेटी घेतली तर आंब्याच्या लाकडाची, बिनरंगाची, बिनरोगणाची घ्यावी. वाळवी आणि ओल मिळून तिचा निकाल थोड्या वर्षांत लावतात. सागवान घेऊन ते लवकर जावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

रक्षेवर झाड लावू इच्छिणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे, की जळलेल्या अस्थी म्हणजे मुख्यतः चुना व स्फुरद यांचा कठीण संयोग. रोपाला त्यातून तात्काळ पोषण मिळत नाही, उलट ताज्या रक्षेतील क्षार कोवळ्या मुळांना जाळतात. म्हणून रक्षा खड्ड्याच्या तळाशी ढीग करून न ठेवता भरपूर माती व शेणखत यांत मिसळून पसरावी आणि रोप त्यापासून हात-दीड हात बाजूला लावावे. झाड जगले नाही तर घरात दुसऱ्यांदा दुःख होते, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतो.

पात्राचे माप काढताना आपल्याकडची व परदेशातील रीत एक धरू नये. परदेशात दहनानंतर अस्थी यंत्राने दळून देतात. प्रौढ माणसाची रक्षा साधारण दोन ते तीन किलो भरते आणि तीन ते साडेतीन लिटरचे पात्र तिला पुरते. आपल्या चितेवरून किंवा विद्युतदाहिनीतून सावडलेल्या अस्थी दळलेल्या नसतात; त्या थोड्या असल्या तरी आडव्यातिडव्या राहून जागा अधिक घेतात, आणि अरुंद तोंडाच्या पात्रात त्या घालताना मोडाव्या लागतात. तो प्रसंग कोणत्याही मुलावर येऊ नये. ज्याच्या तोंडातून हात सहज आत जातो असेच पात्र घ्यावे. वसईची पुष्कळ माणसे आज परदेशी आहेत. तेथून अस्थी विमानाने आणायच्या असतील तर प्रवासापुरते पात्र लाकडाचे किंवा जाड पुठ्ठ्याचे असावे, कारण तपासणीच्या यंत्राला धातूच्या पात्राच्या आतले दिसत नाही आणि ऐन वेळी ते अडविले जाऊ शकते. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि तेथील भारतीय वकिलातीचे पत्र, असे कागद हातातल्या सामानात ठेवावेत. गावी पोहोचल्यावर आतली प्लास्टिकची पिशवी काढून टाकावी. ती तशीच पुरली, तर कच्च्या मडक्याचा किंवा करंडीचा उद्देशच नाहीसा होतो.

ख्रिस्ती श्रोत्यांसाठी थोडे वेगळे. २०१६ साली रोमहून निघालेल्या निर्देशानुसार अस्थी पवित्र जागी ठेवावयाच्या असतात; त्या विखरून टाकणे किंवा घरातील माणसांत वाटून घेणे त्यात मान्य केलेले नाही. २०२३ च्या डिसेंबरात एवढी सवलत मिळाली, की मृताच्या जीवनात ज्या जागेला महत्त्व होते तेथे अल्पसा अंश ठेवण्याच्या विनंतीचा धर्माधिकाऱ्यांना विचार करता येईल. म्हणून पात्र विकत घेण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंना भेटावे, आणि कोनाड्यात ठेवायचे असेल तर त्या कोनाड्याची लांबी, रुंदी व उंची स्वतः मोजून आणावी. सुंदर पात्र आणले आणि ते कोनाड्यात शिरले नाही, असे होता कामा नये.

नावाविषयी सांगायचे राहिले. सोपाऱ्याच्या करंडकावर काळ लिहिलेला नव्हता. आत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे एक न झिजलेले नाणे होते, म्हणून विद्वानांना निदान एक आधार मिळाला, आणि मूर्तींची घडण त्या नाण्याहून पुष्कळ अलीकडची असल्याने वाद तरीही उरलाच. उलट बोरिवलीजवळ कान्हेरी येथे १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांनी उघडलेल्या स्तूपात रक्षा असलेल्या तांब्याच्या पात्रांबरोबर ताम्रपट निघाला, त्यावर त्रैकूटक राजवंशाच्या राज्यातील २४५ हे वर्ष नोंदलेले होते, आणि आज आपण ते इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीचे म्हणून खात्रीने सांगू शकतो. आपणही एवढे करावे. कौलाच्या एका तुकड्यावर खिळ्याने नाव, जन्माचे व मृत्यूचे साल खोल कोरून तो तुकडा पात्राच्या आत, अस्थींच्या वर ठेवावा. कागद कुजतो, शाई पसरते, धातूची पट्टी खाऱ्या ओलीत खाल्ली जाते, भाजलेले कौल राहते. पात्र विरून जाणारे असले तरी कौल ठेवण्यास हरकत नाही.

आणि जमीन स्वतःच्या मालकीची असली तरी सातबाऱ्यावर ज्या ज्या हिस्सेदारांची नावे आहेत त्या सर्वांची संमती आधी घ्यावी, ज्या कार्यालयाच्या हद्दीत ती जागा येते तेथे परवानगीची विचारणा करावी, विहिरीपासून व कुंपणापासून खड्ड्याचे अंतर फुटांत मोजून त्याचा साधा नकाशा काढावा, आणि तो घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. वाड्या विकल्या जातात, वाटण्या होतात, पाया खणायला यंत्रे येतात. जमीन देण्याची वेळ आली, तर खरेदीखतापूर्वी तो नकाशा बाहेर काढून जमीन घेणाऱ्याला दाखवावा, आणि तो कुंभ आपण बरोबर न्यायचा की तेथेच राहू द्यायचा, हे दोघांनी मिळून लेखी ठरवावे.